सौनात बोलायची माझी तयारी

५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.४०. टॉवेलची घडी घालत होतो.
संभाषण-वर्गाचा गृहपाठ आहे: २१ तारखेच्या शेवटच्या वर्गाला एक मित्र घेऊन यायचा. मी "नक्की आणतो" म्हणालो. तैस्तोंना आणणार. दुसऱ्या मजल्यावरचे, निवृत्त बसड्रायव्हर. (मी रंगारी.) दोन वर्षं दर शनिवारी पाच ते सहा इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, आम्ही शेजारी बसतो. एकदाही बोललेलो नाही. ही चूक आज सुधारायची.

तोच दिवस. ६.१५.
उत्तम सुरुवात. वर्गातल्या नियमाप्रमाणे तीनदा नाव घेतलं, नजरेला नजर दिली (डोळ्यांत घाम असूनही). हवामान, बस, गुडघे. चार वेळा "हं" म्हणाले. मग घरची विचारपूस: "सिल्वीबाई कशा आहेत?" दारावर दोघांची नावं आहेत. त्यांनी तापल्या दगडांवर एकदम तीन पळ्या पाणी ओतलं. वाफेनं माझे कान भाजले. उत्साह आला असावा. लगेच उठून गेले.

१२ ऑक्टोबर, शनिवार. ५.५०.
तैस्तो आले नाहीत. सर्दी असणार. दगडांवर ओतायच्या पाण्याची बादलीही रिकामी. एरवी भरलेली असते. इमारतीची सोय ढासळत चालली आहे, तक्रार करणार.

१३ ऑक्टोबर, रविवार.
तक्रार केली. सौनाच्या पाळ्या बघणाऱ्या इर्याबाई म्हणाल्या, "बादली तैस्तो भरायचे. तुझ्यासाठी. आता त्यांनी वार बदललाय. बुधवारी, एकटे." का, विचारलं. "अरे, सिल्वीला जाऊन दीड वर्ष झालं! अंगणात झेंडा अर्ध्यावर आणला होता, इमारतीतलं कुणी गेलं की आणतात तसा. दिसला नाही तुला?"
दिसला होता. मला वाटलं, दोरी अडकली.
"ते म्हणायचे, त्या रंगारी पोराशेजारी बसलं की बरं वाटतं. काही विचारत नाही."

१६ ऑक्टोबर, बुधवार.
माफीची पाच वाक्यं लिहिली, पाठ केली. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत रेडिओ चालू होता. बातम्या संपेपर्यंत थांबलो. मग हवामान लागलं. परत आलो.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
वर्गाला एकटा गेलो. मित्राला सर्दी झाल्याचं सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या आत्मविश्वासाचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मान वर करवली नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार. ४.५०.
सौनात जाऊन बादली भरून ठेवली. जिन्यात त्यांची पावलं वाजली, तसा कपडे धुण्याच्या खोलीत लपलो. अर्धा तास.
खर्च: संभाषण-वर्ग, ८० युरो.
देणं: बादल्या, अंदाजे शंभर. पैकी फेडली, एक.