प्रणालीची पालक

२९ ऑगस्ट २०२४

झालं! कोर्टाचा हुकूम आज हातात आला. प्रणालीची कायदेशीर पालक — मी, छाया अरविंद गावंडे. वकील म्हणाले, "आता शाळा, स्पर्धा, पासपोर्ट, दवाखाना, सगळीकडे तुमचीच सही."

हे तर कोर्टाच्या दारातच पेढे वाटून राहिले होते. शाळेत हेच पीटी सर आहेत ना, दोन वर्षं प्रत्येक स्पर्धेच्या वेळी ऐकत होते — पालक कोण? पोरीचे आईबाप अपघातात गेले. आजोबा, पुंडलिकआबा, तिगावकडे दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखण करतात, ऐन वेळी सापडत नाहीत. आठशे मीटरमध्ये राज्यात दुसरी आलेली पोर, आणि सहीपायी अडायची.

पुंडलिकआबा जज्जसाहेबांना म्हणाले, "पोरगी माहीच हाय साहेब. पन तिचं धावनं इथं होते." आणि बाहेर येऊन डोळे पुसले.

प्रणाली जिना उतरताना कठडा धरून उतरली. गुडघा दुखतो म्हणे. हे म्हणाले — ताण आहे, तेल लाव.

३ सप्टेंबर

गोटमारीचा दिवस, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेकीची जत्रा. सरकारी दवाखान्यात फुटलेल्या डोक्यांची रांग. प्रणालीचा गुडघा कोण बघणार! तसेच परत आलो.

२१ सप्टेंबर

छिंदवाड्याला धावली. धावायलाच नको होतं. मी म्हटलं होतं ह्यांना, सूज उतरू द्या. "छाया, ही निवड गेली तर वर्ष गेलं!" पट्टी बांधून उतरवली.

शेवटच्या वळणावर ती थांबली. पडली नाही — हळूच खाली बसली, पाय पोटाशी धरून. मी जाळीपलीकडून ओरडून राहिले होते. ह्यांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली.

९ ऑक्टोबर

नागपूर. हाडाचा कॅन्सर. गुडघ्याच्या वर.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं केव्हापासून आहे?" प्रणालीनं आधी ह्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थोडेच दिवस झाले."

उन्हाळ्यापासून दुखत होतं! मला माहीत, ह्यांना माहीत. पंधरा वर्षांची पोर सरांना सांभाळून घेऊन राहिली होती. हे उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

१६ नोव्हेंबर

केमो. केस गेले. तिनं आरशावर ओढणी टाकली.

१ डिसेंबर

आज जरा बरी होती. वरण-भात मागितला, दोनदा घेतला. "काकू, उन्हाळ्यापर्यंत पळता येईल ना?" मी म्हटलं, बघू. हे पाठमोरे होऊन भांडी विसळत बसले. विसळलेलीच भांडी.

७ जानेवारी २०२५

गाठ आटली नाही. रक्तवाहिनीला धरून बसली आहे. डॉक्टर म्हणाले, पाय मांडीतून काढावा लागेल. "पाय ठेवला तर मुलगी राहणार नाही."

आबांना बोलावून घेतलं. ऐकून म्हणाले, "बाई, मी तिले जंगलातल्या जडीबुटीवाल्याकडं नेतो. लई लोक बरे झाले."

"आबा, वेळ नाही हो आता."

"एका पायाची पोरगी! मी गेल्यावर तिचं कोन पाहीन? कोन करन तिच्याशी लग्न?"

"मी आहे ना."

"तुम्ही आज हाय."

खोटं तर नाही.

८ जानेवारी

प्रणाली म्हणाली, "काकू, तुम्ही सही नका करू. पाय गेला तर मी कशाले जगू?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात पांघरुणात घेतला.

ह्यांना विचारलं, काय करू? "मला विचारू नको, छाया. माझं ऐकूनच इथवर आली ती." भिंतीकडे तोंड करून बसले.

मग कोणाला विचारू?

९ जानेवारी

सही केली.

१० जानेवारी

ऑपरेशन झालं. आबा वॉर्डाबाहेर उभे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी तुमच्याकडं धावाले पाठवली होती बाई. कापाले नाही."

 

१४ जानेवारी

ती सिस्टरशी बोलते. "तळपायाला खाज सुटून राहिली," म्हणाली — नसलेल्या तळपायाला. मी आत गेले की डोळे मिटून घेते. झोपलेली नसते. पापण्या हलतात.

आज तीळगूळ नेला होता. उशाशी ठेवून आले.

२ फेब्रुवारी

घरी आणली. जेवण आत द्यावं लागतं. ताट ठेवून मी बाहेर आल्यावरच जेवते. ह्यांनी शाळेतून रजा टाकली आहे, पण तिच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. दारापर्यंत जातात आणि परत येतात. एका घरात तिघं, आणि कुकरच्या शिटीशिवाय आवाज नाही!

पुढची केमो राहिली आहे. डॉक्टर म्हणतात, ती चुकवली तर आजार परत येईल, फुफ्फुसात येईल.

११ फेब्रुवारी

आबांनी कोर्टात अर्ज दिला. पालकपण काढून घ्या, पोरगी माझी मला द्या. मी त्यांना गाठलं, हात जोडले. "आबा, न्या तिला. पण केमो चालू ठेवा."

"नाही. आता एक सुई नाही लावू देनार. आधी केस नेले, मग पाय नेला. आता काय नेता?" रडत होते. लेकराच्या मायेनं रडत होते, मला दिसत होतं. त्याचीच भीती वाटते.

वकील म्हणतात, जोरात लढू. पोरीला पोसणं आबांना जमणार नाही हे दाखवू. मी नाही म्हटलं. त्या माणसाला कोर्टात गरीब ठरवायचं? जज्जसाहेब पोरीला विचारणार आहेत, तेवढं पुरे. आणि ती काय सांगेल ते मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी

जज्जसाहेबांनी तिला एकटीला आत घेतलं. आबा आणि मी बाहेर एकाच बाकावर. मग दोघांना बोलावून, ती काय म्हणाली ते वाचून दाखवलं —

"मले काकूच्या घरी नाही राहायचं. काकूले पाह्यलं की पाय आठवते. मी आबाजवळ राहीन. पन पालक काकूच राहू द्या. आबा सुई लावू देनार नाहीत. अन् मले जगायचं हाय."

आबांनी मान खाली घातली. हुकूम तसाच झाला. कुबड्या घेऊन ती त्यांच्यासोबत तिगावच्या ऑटोत बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी नागपूरला केमो. सही करून मी वॉर्डाबाहेरच थांबणार आहे.