कोंडाजी, रविवारी उपाशीपोटी ये

मु. वलवण, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

चिरंजीव कोंडाजी यास थोरल्या बहिणीचा, झुंबरबाईचा, पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी खुशाल. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझा राग, तिन्ही ताळ्यावर आहेत ना ते कळव. पत्र माझा नातू हौशीराम लिहितो आहे. बोलते तसंच लिही, असा दम दिला आहे. त्याच्याबद्दल वाईट आलं की टाक अडखळतो, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत बसले आहे. (अक्षर कळत नसलं तरी थांबलेला हात कळतो.)

तर गेल्या बुधवारी सकाळी धुकं असं दाटलं की टपालाचं विमान वाट चुकून आपल्या गायरानात उतरलं. गुरं तुंगार्लीपर्यंत पळाली, आणि चार वर्षं अंथरुणावरून न उठलेली शालूबाई गुरांच्याही पुढे. विमानातून निम्मं तोंड झाकणारा चष्मा चढवलेला साहेब उतरला. मला वाटलं गोरा असेल. चष्मा काढला तर तुझ्याहून काळा, आणि मराठी बोलणारा! म्हणाला, "आजी, हे कुठलं गाव?" मी म्हटलं, "वरनं समदं दिसतंय तुला, आन् नाव मला इचारतोस व्हय?"

आता नवं जनावर दारात आलं की आपण काय करतो? पायांवर पाणी घालतो, कुंकू लावतो, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतो. एवढ्या लांबून आलेल्या मुक्या जिवाला तसंच कसं ठेवायचं? मी एक घागर ह्या चाकावर ओतली, एक त्या चाकावर. मग सगळ्या आळीच्या बायका आपापली घागर घेऊन आल्या (मागं कोण राहतंय?). धुकं विरलं, साहेब आत बसला, विमान गुरगुरलं आणि चाकं चिखलात रुतली ती रुतलीच. शेवटी चार बैलजोड्या जुंपल्या. हौशीराम शेपटाला खांदा लावून तोंडभर चिखल घेऊन हसत होता. (लिही, लाजतोस काय?)

त्या दिवसापासून पोराचं चित्त जमिनीवर नाही. साहेबाने सांगितलं, जुहूला विमान चालवायला शिकवतात, पुढे उतारूंची मोठी विमानं येतील, ती चालवायला पोरं लागतील. झालं! हा आता धोतर वाळत घालून वारा कुठला ते बघतो, गोठ्यावर चढून ढग न्याहाळतो आणि बैलगाडी हाकताना वळणावर विमानासारखा कलतो. (गाडी उलटली ते लिहिलंस? लिही.) अर्ज तयार आहे, त्यावर बापाची सही तेवढी हवी. आणि माझा दत्तोबा ती देत नाही. त्याने पोराला स्वतःसारखंच आगगाडीच्या इंजिनावर कोळसा मारायला लावायचं ठरवलं आहे. सोमवारी हजर व्हायचं. म्हणतो, "वर रूळ न्हाईत, शिग्नल न्हाई, वाट चुकला तर इचारनार कुनाला?"

"मला," मी म्हटलं. "त्या सायबानं इचारलंच की."

हसला नाही. त्याला बोल लावत नाही मी. आपलं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हापासून तो रूळ घट्ट धरून आहे. पण पोराला खाली धरून ठेवायला आता खाली उरलंय तरी काय?

तर तू रविवारी ये. विशेष काही नाही, कोंबडा कापायचा आहे. आंदर मावळातून चालतच येशील, ठाऊक आहे. मुंडासं घट्ट बांध, कानात कापूस घाल आणि उपाशीपोटी ये. कोंबडा नंतर.

तुझी अक्का, झुंबरबाई. (शाईचा डाग नव्हे, माझा अंगठा आहे.)

ता.क. तुझ्यापासून काय लपवायचं? दत्तोबा परवा तावातावाने सगळ्यांदेखत बोलून गेला, "कोंडाजीमामा इमानात बसला तर मी सही करीन." तू जन्मात आगगाडीतसुद्धा पाय ठेवला नाहीस, म्हणून ही अट. पण बैलांच्या उपकारापोटी साहेब रविवारी रिकामं विमान घेऊन येणार आहे, गावातल्या एकाला चक्कर मारून आणायला. मी तुझं नाव दिलं आहे.

आणखी एक. भीती वाटली तर लाजू नकोस. लहानपणी आपण दोघं एका तोंडवळ्याची. तुझं जादा धोतर, कोट आणि मुंडासं घेऊन ये, मी बसते. वर साहेबाचा चष्मा चढवला की दत्तोबाला काय कळणार? मिशीला आमच्या म्हशीचे केस कापून ठेवले आहेत.

आणि हे शेवटचं. गुडघा दुखतच असेल रे, थंडी किती पडली आहे! नाही आलास तरी चालेल. धोतर तेवढं पाठव.