मातीचे बासष्ट ओहम

हसनाबाद,
११ मे २०२५, संध्याकाळचे पाच

साक्षीताई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहायला मी अकरा महिने लावले. तीनदा कागद घेतला होता. पहिल्यावर मोटारीच्या तारेचे वेढे मोजले, दुसऱ्यात भजी बांधून नेली, तिसरा खिशातच धुतला गेला. फोन का न्हाई केला म्हणशील. फोनवर तू "काय रे राजा" म्हणतेस आन् मी ऊन किती आहे तेच सांगत बसतो.

जाफराबादला ऊन कसं आहे? बघ, झालं सुरू.

मी बरा आहे. आयटीआय सोडल्यापासून पहिल्यांदा एका जागी सहा महिने टिकलो. कुंभार पिंपळगावात भागवत मिस्त्रीकडं जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो. मिस्त्री टोमणे लई मारतो. "राजानंद, तुझ्यात करंट भरपूर आहे, पण रेझिस्टन्स बिलकुल न्हाई. तार दिसली की पळाला." पण शिकवलं त्यानंच. व्होल्टला अँपियरनं भागलं की ओहम, म्हणजे करंटची वाट किती अडवली जाते ते. व्होल्टला अँपियरनं गुणलं की वॅट, म्हणजे किती खाल्लं जातं ते. आयटीआयत हेच फळ्यावर होतं, मी खिडकीबाहेर बघत होतो.

आत्ता मी तुमच्याच ओसरीत बसलोय. किल्ली शेजारच्या पुष्पाबाईकडून घेतली. मावशी गेल्यापासून मावसा इथं राहत न्हाईत, गावाच्या त्या टोकाला भावाकडं असतात. तुला कोण सांगणार, तू तर बापाशी बोलतच न्हाईस. "छातीत दुखतंय म्हणत होती, तरी तुम्ही जालन्याला नेलं न्हाई, तुम्हीच मारलं तिला," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस तेव्हा मी मागंच उभा होतो. मावसा खाली बघत राह्यले. मी पण.

मागच्या मेमध्ये वावटळीत खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत जायची तार तुटली. लाईनमन येईना. मी चार दिवस आल्तो तुमच्याकडं, मंग गावात करतात तेच केलं. परसात लोखंडी सळई ठोकली, कोळसा-मीठ घातलं आन् न्यूट्रल मातीतून घेतला. मावशीची विजेची शेगडी पेटली. म्हणाली, "शिकला न्हाई, पण कामाला येतो बघ माझा भाचा." माती सुकली की शेगडी थंड पडायची. निघताना मी सांगितलं, "मावशी, मंद झाली की सळईवर तांब्याभर पाणी ओतत जाय."

आधी बटन बंद कर, हे सांगायचं राह्यलं. बाहेर जीपवाला हॉर्न मारून राह्यला होता.

जूनच्या पहिल्या हप्त्यात मी परत आल्तो. फाटक उघडं, शेगडी चालू, मावशी सळईपाशी आडवी. ताई, अटॅक आल्ता न्हाई. मी बटन बंद केलं, तार उपटून पिशवीत घातली. मंग ओरडलो. ह्याच क्रमानं.

सळई ठोकली त्या दिवशी मीटरवर दोन अँपियर आल्ते, एवढं ध्यानात होतं. मिस्त्रीकडं शिकल्यावर हिशेब मांडला. दोनशे तीस भागिले दोन, एकशे पंधरा ओहम. त्यातले त्रेपन्न हजार वॅटच्या शेगडीचे. उरलेले बासष्ट मातीचे. बासष्ट गुणिले दोन, म्हणजे सळईवर एकशे चोवीस व्होल्ट. ओले पाय, हातात पितळी तांब्या. वॅट पण काढले. शेगडी दोनशे बारा, माती दोनशे अठ्ठेचाळीस. शेगडीपेक्षा मातीच जास्त खाऊन राह्यली होती.

मंग वाटलं, दोन नसतील, चार असतील. चार धरले तर सळईवर अठराच व्होल्ट राहतात, तेवढ्यानं माणूस मरत न्हाई. म्हणून आज तीच तार सळईला जोडून बघायला आलो. मीटर तारेला चिमट्यासारखं लावून शेगडी चालू केली. त्यानंतर परसाकडं पाऊल टाकलं न्हाई.

आला एक पूर्णांक एक. बराबर आहे, पावसाळ्यानंतर थेंबभर पाणी न्हाई. मातीचे एकशे छप्पन्न.

ताई, आता सव्वापाच झालेत. तुला लिहून राह्यलो तेवढ्यात आकडा हलला. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक सहा. दारातून परस बघितलं, कोणी न्हाई. सळईभोवतीची माती पांढरी कोरडी, भेगेतून मुंग्या निघून राह्यल्यात. आत आलो तर दोन. तिथं थांबला. माणूस जाऊन दुसरा तांब्या भरून आणेल एवढा वेळ थांबला, मंग पुन्हा चढला. दोन पूर्णांक चार. मातीचे त्रेचाळीस. एवढं ओली माती दाखवते. एवढा वेळ मेलेला ओसरीतला बल्ब लागला, म्हणजे व्होल्टही बराबर पुरले. हिशेब कुठंच चुकत न्हाई. फक्त पाणी न्हाई.

आपल्या घरात भूत मानत न्हाईत. मावशीच विहारात बायांना सांगायची, भूत म्हणजे भित्र्याचं गणित. म्हणून मी चारदा भागून बघितलं. उत्तर तेच येतं. तिला मी सांगितलं तसं ती करून राह्यली आहे, ताई. अजून.

बटन बंद केलं. तार पण काढली. आता तरी थांबेल.

मावसांनी तिला मारलं न्हाई. हे एक वाक्य लिहायला अकरा महिने गेले.

फाटक वाजलं. बघून येतो.

मावसा आलेत. त्या दिवसापासून ह्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी, पुष्पाबाईच सांगत होती. उंबऱ्यावर बसलेत, धाप लागली आहे. म्हणाले, "तू आहेस व्हय? मघाशी कोपऱ्यावरून बल्ब जळताना दिसला. मला वाटलं, साक्षी आली."

मी म्हणालो, "बसा, मावसा, तिलाच पत्र लिहून राह्यलो." म्हणाले, "मंग वाच की."

वाचतो आता, वरपासून. तुला हे मिळालं तर समज, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

राजानंद