मामंजींची बस आणि एक टीबी जागा

ती. वन्सं यांना,

आम्हा चौघांकडून तुम्हाला आणि भाऊजींना नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हटल्यावर भाऊजींनी फरशी पुसायचं काम स्वतःकडे घेतलं, हे तुमच्या पत्रातलं वाक्य सासूबाईंनी तुमच्या बंधूंना दोनदा वाचून दाखवलं. (दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.) आम्ही सगळे मजेत आहोत. मामंजी तर जरा जास्तच मजेत आहेत, आणि ते कसे झाले हे सविस्तर कळवावं म्हणून लिहायला बसले आहे.

बस चालवणं सुटल्यापासून मामंजींचं कशातच मन लागत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीत खुर्ची टाकून चौकातली रहदारी बघत बसायचे. कुणी इशारा न देता वळलं की चुकचुकायचे, आणि ट्रक जवळ आला की उजवा पाय फरशीवर दाबायचे. (तिथली फरशी आता जरा खचलीच आहे.) जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. अशात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचा नळ गळायला लागला म्हणून ते पाना घेऊन खाली गेले. तिथे नर्सबाई कॉम्प्युटरसमोर बसून घाटातून ट्रक हाकत होत्या. मामंजी परत आले तेव्हा नळ तसाच गळत होता, पाना तिथेच राहिला होता आणि डोळे असे चमकत होते की सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला. जेवताना त्यांनी भात पुन्हा मागून घेतला आणि जाहीर केलं, "मला कॉम्प्युटर हवा. खेळायचा."

कॉम्प्युटरला कुणाचीच ना नव्हती. युद्ध पेटलं ते दुकानात. दुकानदाराने सगळं ठरवून झाल्यावर सहज विचारलं, "हार्ड डिस्क केवढी घालू?" डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट, सगळे खेळ त्यात राहतात आणि त्याचं माप टीबीत असतं, एवढं आम्हाला समजलं आणि तिथेच घात झाला, कारण कपाटाबद्दल प्रत्येकाचं मत असतं. तुमचे बंधू औषधांच्या गोदामाचे प्रमुख. रिकामं फडताळ दिसलं की त्यांना वाया गेलेलं भाडं दिसतं. त्यांचं म्हणणं, अर्धा टीबी रगड झाला, मोकळी जागा ठेवली की तिथे अडगळ चालून येते. मामंजींना चार टीबी हवे होते. "एकच गाडी मावेल एवढा डेपो कुणी बांधतं का?" असं त्यांनी दुकानदाराला विचारलं, मुलाला नाही. मी शिवणकामवाली, मी म्हटलं की मापाला मापच कापलं तर उद्या अंग भरल्यावर उसवायचं काय, शिवणीत थोडं दाबून ठेवावं. सासूबाईंनी डिस्क टेबलाखाली मावेल ना, तेवढं विचारून घेतलं.

दुकानदाराने आमचं भांडण पेपरमिंट चघळत शांतपणे ऐकलं. (माणूस संसारी असावा.) मग म्हणाला की हल्लीचा एकेक मोठा खेळ शंभर जीबीच्या वर खातो, कॉम्प्युटरचा स्वतःचा पसारा वेगळा, शिवाय थोडी जागा मोकळी सोडली नाही तर त्याला धाप लागते. अर्ध्या टीबीत दोन-तीन खेळांतच दाटी होईल. एक टीबी घ्या, पण वेगवान जातीची घ्या, आणि आत दुसऱ्या डिस्कला जागा आहे, पुढे लागली तर बसवू. असा एक टीबीवर तह झाला. आपणच हरलो असं दोघांनाही वाटलं, त्यामुळे घरी येईपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायलाही समोरासमोर बसून "त्याला सांग, मीठ सरकव" असा कारभार सासूबाईंमार्फत चालला.

तो अबोला तुटला मात्र मजेशीर रीतीने. कॉम्प्युटर घरी आला, जोडला, आणि तुमच्या बंधूंनी सवयीप्रमाणे माल मोजून घ्यायला डिस्क उघडली. एक टीबी म्हणजे हजार जीबी, आणि पडद्यावर लिहिलेलं नऊशे एकतीस. गोदामात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढी तूट दिसल्यावर काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा. चेहरा लालबुंद. "बाबा, आपल्याला माल कमी भरलाय," असं ते थेट मामंजींना म्हणाले, आणि मामंजी, जे मुलाशी बोलत नव्हते, ते चपला घालून दारात उभे राहिले. दोघे खांद्याला खांदा लावून दुकानात गेले. दुकानदाराने पुन्हा एक पेपरमिंट तोंडात टाकून समजावलं की डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो. माल पुरता आहे, मापंच दोन आहेत. दोघांना ते पटलं नाही. पण परतताना रस्ताभर ते त्या दुकानदाराला मिळून नावं ठेवत होते, आणि घरात शिरले ते हसतच.

पहिला खेळ गाड्यांच्या शर्यतीचा होता. मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची पुढेमागे करून बघितली, आरसा नीट दिसतो का पाहिलं. शर्यत सुटली तशा बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या आणि मामंजी वळणावर इशारा देऊन, सावकाश, आपल्या बाजूने चालले. शेवटचे आले. मी हळहळले तर म्हणाले, "त्यांना घाई होती, जाऊ दे. माझ्या गाडीला ओरखडा नाही, बघ."

मग बसचा खेळ आला. आता रोज चहानंतर फेरी असते. खेळातला कुणी दारात लोंबकळला तर मामंजी त्याला आत सरकायला सांगतात, आणि त्याने ऐकलं नाही की आमच्याकडे बघून मान हलवतात. पण मला सांगायचंय ते सासूबाईंचं. इतक्या वर्षांत त्या मामंजींच्या बसमध्ये कधी बसल्याच नव्हत्या. मामंजींची फेरी एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. एक दिवस त्या केस विंचरून, पर्स घेऊन आल्या आणि मामंजींच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. मामंजींनी मागे न बघता विचारलं, "कुठं जायचं?" त्या म्हणाल्या, "समुद्रापर्यंत." मी हातातलं शिवण खाली ठेवलं. समुद्र दिसला तशी मामंजींनी थांबा नसताना बस थांबवली. नियम मोडताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

आता अडचण अशी की डिस्क भरली. तुमच्या बंधूंनी तपासणी केली. बसचा खेळ निघाला अगदी आटोपशीर. पण सासूबाई नर्सबाईंकडून रेकॉर्डिंगचं बटण शिकून आल्यात आणि प्रत्येक समुद्रफेरी साठवून ठेवतात. पुसून टाकू का, असं त्यांना विचारल्यावर मामंजीच म्हणाले, "भर रस्त्यात प्रवासी उतरवत नसतात." त्यावर तुमचे बंधू पुढचा माल मोजायला लागले. सगळ्यात मोठा माल मात्र एका राक्षसांच्या लढाईच्या खेळाचा निघाला, दीडशे जीबी, आणि तो कुणाचा ते कुणीच कबूल करत नाही. मामंजींचा संशय मुलावर आहे. मी मधे पडले नाही.

पाठीला जपा. भाऊजींना म्हणावं, फरशीचा लौकिक इथवर पोचलाय.

तुमची,
वहिनी

ता. क. पुढच्या महिन्यात याल तेव्हा येताना दोन टीबीची डिस्क आणाल का? इथे घेतली तर लगेच कळेल. तुमच्या बंधूंना बोलू नका.

ता. क. २. मामंजींनी खांद्यावरून वाचलं. ते म्हणतात, चार आणा.

ता. क. ३. खाली बंधूंचं अक्षर आहे, दिसलंच असेल: "ताई, चारच आण. पण मोजून घे."

ता. क. ४. आता पाकीट चिकटवता चिकटवता, कुणी बघत नाहीये तेवढ्यात लिहिते. तो राक्षसांचा खेळ माझा आहे. दुपारी घर निजलेलं असतं तेव्हा खेळते. आठवा राक्षस काल पडला. तुम्ही शिवायला दिलेले दोन्ही ड्रेस मात्र अजून बेतलेलेही नाहीत, तेव्हा येताना घालायचे कपडे घेऊनच या.