चिंचेपासून डावीकडे

३ जुलै १९९६, बुधवार. सांगली
चिंच गेली. सोमवारी कुऱ्हाड लागली, आज फांद्या ट्रॅक्टरवर लादून नेल्या. तिथे स्टाफच्या गाड्यांची शेड होणार. पत्रे येऊन पडलेत. बुंधा जमिनीबरोबर कापलाय, मुळं काढायला कंत्राटदार तयार नाही, म्हणून बुंधा शेडच्या मागे सोडणार.
आवारात तीन कॉलेजं, दोन वसतिगृहं, अन् एकही पाटी नाही. ऑफिसात अधीक्षकसाहेबांना म्हटलं, चार बाण रंगवून घेऊ, नवा माणूस फिरत बसतो. म्हणाले, "हवालदार, तुम्ही आहात की गेटवर. चालतीबोलती पाटी."
बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला लिहू.

९ जुलै, मंगळ
नवी ऑर्डर. बाहेरची गाडी आत जाणार नाही. गेटशेजारी लिंबाखाली लावायची, नाव, गाव, वेळ रजिस्टरात. शेड फक्त स्टाफला. ऑर्डर म्हणजे ऑर्डर, फौजेत अठरा वर्षं तेच केलं. तरी पहिल्याच दिवशी गणिताच्या सरांनी स्कूटर आडवी लावून तिघांची वाट अडवली. शिकलेल्या माणसाला रांग शिकवणं अवघड.

१८ जुलै, गुरु
डी.एड.च्या यादीचा दिवस. दहाला पिवळ्या इमारतीत नावं पुकारणार. हजर असेल त्याला जागा. तीनदा पुकारून नसेल तर खालचं नाव.
सकाळपासून गर्दी. नऊ-चाळीसला एक एम-एटी आली. सीटवर घोंगड्याची घडी, पुढे बाप, मागे मुलगी, मांडीवर कागदांची पिशवी. रजिस्टरात लिहिलं: म्हाळू खरात, खरातवस्ती, जतकडचे. पहाटे निघाले होते. तो म्हणाला, "पोरीला गाडीवरनं आत सोडून येऊ का? लय लांब दिसतंय." म्हटलं, गाडी आत जाणार नाही. ऑर्डर आहे. त्याने मुकाट्याने लिंबाखाली लावली.
मुलीने विचारलं, "डी.एड. कुठं हाय?"
मी म्हणालो, सरळ जा, चिंचेपासून डावीकडे, पिवळी इमारत.
गेले बिचारे. तेवढ्यात कोणाची तरी पांढरी मारुती आली, काच खाली न करताच हॉर्न. सोडली मी आत. वर सलाम ठोकला.
पुढचं उद्या लिहीन.

१९ जुलै, शुक्र
लिहायलाच हवं.
सरळ गेलं की आधी शेड लागते. चिंच तिथे होती. माझ्या तोंडातली चिंच उभीच आहे अजून, सहा वर्षं सगळ्यांना तसंच सांगितलं. त्यांना चिंच दिसली नाही, म्हणून ते पुढे गेले. पार शेवटी, कुंपणाला लागून दुसरी चिंच आहे, तिच्या डावीकडे मुलींचं वसतिगृह. तेही पिवळंच. रखवालदारीण म्हणाली, पुरुषांनी बाहेर थांबायचं. त्यांना वाटलं, बोलावतील. बसले झाडाखाली बापलेक. मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस, थांबायची सवय.
सव्वाअकराला कुणीतरी सांगितलं तेव्हा पळत आले. तिचं नाव दहा-वीसला पुकारून झालं होतं. तिच्या राखीव गटात एकच जागा.
प्राचार्यांनी मला आत बोलावलं. ते दोघं उभे. "यांना काय सांगितलंत तुम्ही?"
मी म्हणालो, "शेडपासून डावीकडे सांगितलं, साहेब."
शेडपासून. स्वच्छ आवाजात. छाती काढून.
मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिने तोंड उघडलं होतं, बापाने तिच्या दंडाला हात लावला. म्हणाला, "आमीच चुकलो असंल, सायेब. अडाणी माणसं."
डबा तसाच परत नेला.

२० जुलै, शनि
क्लार्क शिंदे भेटला. म्हणाला, यादी जिल्हा ऑफिसला जाईपर्यंत काही होऊ शकतं. मुलगी वेळेच्या आधी आवारात आली होती असा पुरावा मिळाला तर साहेब फेरविचार करतील.
पुरावा माझ्या टेबलावर. रजिस्टर, पान ४१, वेळ ९.४०, माझं अक्षर.
पण वेळ दाखवली की पुढचा प्रश्न येणार, मग वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास का लागला? आणि नोकरी वर्षावर्षाच्या बोलीची.
आज अर्धा दिवस. सोमवारी बघू.

२२ जुलै, सोम
रजिस्टर घेऊन गेलो. शिंदेने पाहिलं. "हवालदार, यादी शनिवारी संध्याकाळीच गेली. खालच्या नावाला जागा लागली. शनिवारी का नाही आणलंत?"
रजिस्टर बगलेत मारून परत आलो.
जागा ज्या मुलीला लागली ती आज वडलांबरोबर पेढे घेऊन आली होती. तिचा काय दोष. गेटवर मलाही दिला. तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. संध्याकाळी गाईला घातला.

११ ऑगस्ट, रवि. गावी, सातारा
दोन दिवसांची रजा. सौ.ने ओळखलं, पानात वाढलेलं तसंच राहिलं तेव्हा. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या. ती म्हणाली, "चिंचेचं इसरलात ते इसरलात. माणूस इसरतं. पर सायबाफुडं खोटं कशापायी बोललात?"
"नोकरी गेली असती."
"गेली असती तर आला असता गावाला. शेत हाय, मी हाय. त्या पोरीला काय हाय?"
मग बराच वेळ भांडी घासत राहिली. शेवटी म्हणाली, "आवं, त्यांच्या दारात जाऊन या एकदा. हितं तोंड पाडून बसू नका."
बायकोपुढे फौज चालत नाही.

१ सप्टें., रवि. सांगली
आज जाणार होतो. गेलो नाही. ताप आहे असं स्वतःलाच सांगितलं.

१५ सप्टें., रवि
गेलो.
एस.टी.ने जत, तिथून वडापची जीप, फाट्यावर उतरलो. चारी बाजूंना माळ, बाभळी, दगड. सुगी बेताची. एक म्हातारी सरपण गोळा करत होती. तिला विचारलं, आजी, खरातवस्ती कुठे? तिने हातातली मोळी खाली ठेवली अन् चालायला लागली. म्हटलं, नुसतं सांगा, मी जाईन. तर म्हणते, "सांगून माणूस चुकतंय, बाबा. आमच्यात वाट सांगत न्हाईत. सोडून येत्यात."
अर्धा तास ती माझ्यापुढे चालली. मी तिच्या टाचांकडे बघत मागे. कापलेल्या, मातीने भरलेल्या टाचा. दारापर्यंत सोडलं, पाणीसुद्धा न पिता मोळीकडे परत गेली.
म्हाळू मेंढरं घेऊन लांब गेलेला. मुलगी होती, सुनंदा. वस्तीवरची पाच-सहा पोरं पुढ्यात बसवून पाढे घेत होती. मला पाहून उठली, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. ओळखलं होतं तिने, गेटवरच्या टोपीशिवायही.
गाडीत बसल्यापासून शब्द जुळवत होतो. सगळे विसरलो. एवढंच म्हणालो, "बाळ, तिथली चिंच तोडली होती. मी विसरलो. आणि साहेबांपुढे खोटं बोललो. शेड म्हणालो."
ती म्हणाली, "दादांना ठावं हाय."
बापाला ती दादा म्हणते. म्हटलं, कसं ठाऊक?
"पिवळ्या इमारतीतनं परत येताना शेडंची मागली बाजू लागती. तिथं बुंधा दिसला त्यास्नी. ताजा व्हता. बसले त्याच्यापाशी, हात लावला, म्हणाले, बघ, हितं चिंच व्हती."
"मग परत आत का नाही आले? मला का नाही विचारलं?"
"मी म्हणलं तसंच. चला, सायबाला दाखवू. ते म्हणाले, त्याची नोकरी जाईल. तुझं एक साल गेलंय, त्याचं घर जायचं."
तिने चहा दिला, बिनदुधाचा. दूध कोकरांना लागतं म्हणाली, आणि थोडी हसली. आता ते हसणंच जास्त जिवाला लागतं.
निघताना म्हटलं, पुढच्या वर्षी फॉर्म भर. मी आणून देतो.
"दिवाळीनंतर पावणं येणार हायती बघाया. आईचं म्हणणं, एक साल फुकट गेलं, आनिक कशाला घालवायचं." मग म्हणाली, "दादा काय बोलत न्हाईत अजून."
फाट्यापर्यंत सोडायला ती आली. नको म्हटलं तरी आली.

१६ सप्टें., सोम
प्राचार्यांना सगळं सांगितलं. उभ्यानेच. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "हे जुलैत सांगायचं होतं, हवालदार." लेखी ताकीद दिली. नोकरी ठेवली.
काढून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं.

२९ सप्टें., रवि
सुट्टी. अधीक्षकसाहेबांना न विचारता डबाभर पांढरा रंग आणून बाण काढले. गेटपासून शेडच्या भिंतीपर्यंत अकरा. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण 'डी.एड.' लांबून वाचता येतं. शेडमागच्या बुंध्यावरही एक काढला. त्याला धुमारे फुटलेत. तोडू नका असं माळ्याला सांगितलंय.

४ जून १९९७, बुध
फॉर्म आले. दोन घेतले, एक खराब झाला तर असावा म्हणून. पोस्टाने पाठवले, पावती वहीत. सोबत चार ओळी म्हाळूंच्या नावाने. माफी मागायला बसलो अन् फॉर्म कसा भरायचा तेच लिहिलं.
मुलीचं लग्न ठरलं का, विचारलं नाही. विचारायचा हक्क नाही.

१६ जुलै, बुध
यादी फळ्यावर लागली. शिंदेने हाक मारून दाखवली. तिच्या गटात दुसरं नाव: खरात सुनंदा म्हाळू. यंदा जागा दोन.
म्हणजे फॉर्म भरला. भरून पाठवला. की लग्नाआधी भरून ठेवला होता, आणि मग... शिंदेला काय माहीत. पत्राला उत्तर आलेलं नाही.
उद्या दहाला पुकारा.

१७ जुलै, गुरु. गेटवर
सकाळी सातलाच आलो. शेडमधली पहिली जागा, पिवळ्या इमारतीच्या सगळ्यात जवळची, दोन विटा ठेवून धरलीय. गणिताच्या सरांनी विचारलं, ही कोणासाठी? म्हटलं, बाहेरची गाडी येणार आहे. ते म्हणाले, "बाहेरची आत चालत नाही ना? तुम्हीच सांगता." म्हटलं, आज चालते.
अधीक्षकसाहेब चिडलेत. गेट सोडून मी एकेकाला हॉलपर्यंत नेऊन सोडतोय, मागे गेट मोकळं. आतापर्यंत चौदा जणांना सोडलं. बाण आहेत तरी सोडलं.
शिंदेला सांगून ठेवलंय, ते नाव पुकारशील तेव्हा जरा दमाने पुकार. म्हणाला, तीनदाच पुकारता येतं, हवालदार.
९.२०. एम-एटी आतापर्यंत तीन आल्या. एक दुधाची, एक शिपायाची, एक कुणा भलत्याची. सीटवर घोंगडं कोणाच्याच नव्हतं.
९.३५. मागच्या वर्षी याच्यानंतर पाच मिनिटांनी आले होते.
वही खिशात घालतो. रस्त्यावर जाऊन उभा राहतो.