सावलीच्या बाजूचा उतार

प्रिय इंदू,

तू जाऊन सात महिने झाले, पण कागद हातात घ्यायचा धीर होत नव्हता. मागच्या आठवड्यापासून मात्र तुझ्यावर रागावलोय. गेलेल्या माणसावरचा राग काढायचा तरी कुठं? म्हणून लिहून राहिलो.

घरामागची, आंब्याच्या सावलीतली ती भिंतीलगतची पट्टी. "इथं फरशी टाका हो, दुपारी बसायला होईल," असं किती वर्षं म्हणत होतीस! मी म्हणायचो, यंदा संत्र्याचा बहार निघू दे, मग बघू. बहार निघत गेले. मी बघतच राहिलो.

शेवटी सौंसरहून फरशी आणली. मिस्त्रीनं सूत धरलं आणि विचारलं, "काकाजी, उतार कोणीकडं देऊ?"

मला काय ठाऊक? पंचेचाळीस वर्षं या घरात राहिलो, आणि मागचं पाणी कुठं जातं ते सांगता येईना! तरी ठसक्यात म्हणालो, "सैपाकघराच्या मोरीकडं दे."

तीन ओळी बसल्या, तेवढ्यात तुझी मैत्रीण, शेजारची कमलाबाई, भिंतीवरून डोकावली.

"काय करून राहिले भाऊजी? मोरीकडं उतार? मंग पावसाळ्यात सैपाकघरात होडी ठेवा लागन तुमाले!"

मिस्त्री खो खो हसला. मी चिडलो. "आजवर कधी आलं का घरात पाणी?"

"कसं येईन? इंदूबाई भर पावसात फावडं घेऊन निघे, मागच्या नालीतला पाला काढे. तुमी आपले खाटेवर!"

खरं का गं हे? तुझे चिखलाचे पाय बघून मी तर म्हणायचो, "एवढ्या पावसात परसात काय काम असतं तुला?" तू नुसती हसायचीस. एक शब्द सांगितला असतास तर काय बिघडलं असतं? त्याचाच राग.

तिन्ही ओळी उखडल्या. मिस्त्री कुरकुरला, पण उतार मागच्या नालीकडं दिला. चार दिवस पाणी मारलं, आणि आज सकाळी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सरसर गेलं, थेंब अडला नाही! "बघ, इंदू!" म्हणत मी वळलो.

मागं कोणीच नव्हतं.

दुपारी तिथं सतरंजी टाकून बसलो. सावली खरंच छान आहे. पण एकटा माणूस किती वेळ बसणार? बसल्या बसल्या राग ओसरला, कारण आठवलं, "काय काम असतं?" म्हणून मी लगेच आत निघून जायचो. ते विचारणं नव्हतंच. खेकसणं होतं.

उद्या कमलाबाईला आणि तिच्या नवऱ्याला फरशीवर चहाला बोलावतो. "आमची इंदू आणखी काय काय करायची?" असं विचारतो. लाज वाटेल, वाटू दे. आणि वचन देतो, कमलाबाईचं सांगून पुरं होईपर्यंत जागचा उठणार नाही.

तुझाच,
दौलत