चांगुणाचं नाव कॉम्प्युटरात का मावलं न्हाई

काष्टी, १० एप्रिल १९९७

धाकट्या चांगुणाला थोरल्या भिमाबाईचा जयभीम.

गुडघा कसा हाय? शेक देत जा. इकडं सगळी बरी हायेत, माझं कुणी विचारत न्हाई. आपल्या नातीच्या, प्रज्ञाच्या लग्नाची पत्रिका आली न्हाई म्हणून तू येनार न्हाईस, हा निरोप आधी सगळ्या जामखेडला आन मग मला मिळाला. तर ऐक, दोष माझा न्हाई, कॉम्प्युटरचा हाय.

नातू महेंद्र (कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, क्लासात तो आन पंखा दोघंच) यानं पाव्हण्यांच्या यादीचा जुना प्रोग्राम नव्या विंडोजच्या मशीनवर टाकला. मशीनची मेमरी जुन्याच्या सोळापट. पण प्रोग्राम जुन्या वळणाचा, त्याला ओसरीच्या मागं घर हाय हेच ठावं न्हाई. मागं खणच्या खण रिकामे, आन हा ओसरीतनं वरडतोय, जागा न्हाई! (आपल्या आत्याला पोरानं माडी बांधली, तरी ती मेली जिन्याखालीच.)

मी म्हणलं, ओसरी अडवलीय कुणी ते सांग. तर बारके बारके प्रोग्राम, एक माऊसवाला, एक प्रिंटरवाला, एक मराठी अक्षरंवाला. आधी येऊन बसलेले, जेवून हात वाळले तरी पंगतीतनं उठंनात. म्हणलं, चढव मेल्यांना माळ्यावर. महेंद्र डोळं फाडून म्हणतो, "आजी, खरंच असंच करत्यात! तुला कुणी शिकवलं?" शिकवायचं काय त्यात, चार पोरींची लग्नं उरकलीत मी. माऊसवाला चढला, प्रिंटरवाला चढला. मराठीवाल्याला चढवला तर यादीत कारभारीमामाच्या नावाचे चौकोन झाले आन लंकाबाईची नुसती टिंबं. त्याला परत खाली घेतला. तरी जागा कमीच. काहीतरी काढल्याबिगर एकपन पत्रिका निघंना. मग मशीननं तुझं घर गाळलं. एकोनीस नावं तुझी, पाळन्यातल्या पोराचंपन येगळं! मशीनपुढं मी काय बोलनार, अडानी बाई?

लग्न रविवारी, वीस तारखेला. राग आटोपला की निघ.

भिमाबाई

ता. क. मशीन आपल्या मनानं कुनाला गाळत न्हाई, हे तुला कुनीतरी सांगंलच. मीच गाळ म्हणलं. बाकीचे रुसले तर खरंच येत न्हाईत. तू रुसून पन येतीस.

आनखी एक. शुक्रवारीच ये. बुंदीचा आचारी ठरवलाय, त्यो मला भीत न्हाई.